सहा तारांचं गुपित

९ फेब्रुवारी १९९८, सोमवार

ही वही कोराझोननं दिली. क्लिफला पुन्हा बोलायला शिकवायला हॉस्पिटलातून आठवड्यात दोनदा एक मुलगी येते, तीच ही. म्हणाली, "आंटी विल्मा, रोजची तारीख घाला आणि अंकल काय खातात, काय बोलतात तेवढं लिहा."

तर लिहिते. खाल्लं : वाटीभर पोई, म्हणजे अळूच्या कंदाची लापशी, मटणाचा स्ट्यू, अर्धं केळं. बोलला : 'नको' आणि 'मंगळवार'. संपलं. नवऱ्याच्या डोक्यात रक्ताची गाठ झाल्याला दीड वर्ष झालं, आणि एवढेच दोन शब्द त्याच्यापाशी उरलेत. भूक लागली की मंगळवार, पाठ खाजवायला हवी की मंगळवार, माझा नवा झगा कसा दिसतो विचारलं तरी मंगळवार. उजवा हात आणि पाय लुळा, डावा ठणठणीत. मीच दोघांच्या वाटचं बोलते. आधीही बोलतच होते म्हणा.

तरी देवाचे आभार मानते. सकाळी डोळे उघडतो आणि मला बघून हसतो. पलीकडच्या कॅल्विनच्या बायकोला धडधाकट नवऱ्याकडून तेवढंही मिळत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पलंगाखालचं झाडताना गिटारची पेटी बाहेर ओढली, आणि क्लिफ रडायला लागला. हुंदके देऊन. मी पटकन पेटी आत ढकलली आणि त्याच्या शेजारी बसले. काय करू मी तरी!

गिटार म्हणजे ती गळ्यात अडकवायची नव्हे. मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातात पोलादी कांडी धरून तारांवर सरकवायची, उजव्यानं तारा छेडायच्या. ही तर विजेची, अगदी सुरुवातीच्या खेपांतली, १९३६ सालची. सगळी ॲल्युमिनियमची, एका ओतात केलेली. गोल बूड आणि लांब दांडा. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा विचारलं होतं म्हणे, "यात अंडं तळायचं का?" सासरे बोटींवर वाजवायचे, तिथून त्यांनी ती आणली. त्यांच्यामागे क्लिफनं वाजवली. लग्नात, बारशाला, चर्चमध्ये, हॉटेलात, आमच्या गाडीच्या शेडमध्ये. दीड वर्षापूर्वी चर्चमध्ये वाजवता वाजवताच तो खुर्चीवरून कलंडला. कॅल्विननं गिटार तशीच उचलून पेटीत घातली आणि घरी आणून दिली. त्यानंतर पेटी कुणी उघडली नाही.

दिसली की त्याच्या जिवाला घोर लागतो. मग ठेवायची कशाला?

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बंदरावरच्या वाद्यांच्या दुकानात जाऊन आले. म्हटलं, असली जुनी गिटार कुणाला हवी असेल का? दुकानदार काउंटरमागून धावतच आला. "आंटी, अंकल क्लिफची? ती? कुणाला हवी असेल म्हणजे काय!" म्हणे जगभर लोक असल्या गिटारी शोधत फिरतात. रंग उडालेला चालतो, पोचे चालतात, पण एक स्क्रूसुद्धा बदललेला चालत नाही. तारांवर घोड्याच्या नालेसारखे दोन लोहचुंबक असतात, ते पहिलेच हवेत. वायरसुद्धा पहिलीच हवी. मी म्हटलं, माझ्या घरात काहीच बदललेलं नाही, नवरासुद्धा पहिलाच आहे.

जपानहून एक हागिवारा म्हणून गृहस्थ पुढच्या महिन्यात इथे हवाईत, आमच्या हिलो गावात येणार आहेत. दातांचे डॉक्टर होते, आता निवृत्त. गिटारी जमवतात. बुधवारी, चार मार्चला, घरी पाठवतो म्हणाला.

क्लिफला सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. मी म्हटलं, तुझ्याच भल्यासाठी रे.

खाल्लं : तळलेलं स्पॅम, ते डब्यातलं मांस, आणि भात. निम्मा भात माझ्या अंगावर.

२ मार्च, सोमवार

आज मी मोठं शहाणपणाचं काम केलं, नोंदवून ठेवते.

आमच्याकडे वाजवणारा माणूस आपली तार कुठल्या सुराला लावलीय ते कुणाला कळू देत नाही. प्रत्येक घराचं आपलं गुपित असतं. गिटार खाली ठेवायची म्हटलं, नुसतं बियर आणायला उठायचं म्हटलं, तरी आधी खुंट्या पिळून सगळ्या तारा ढिल्या करून टाकायच्या. मागून कुणी छेडून बघितलीच तर हाती काही लागू नये. आमच्या लग्नात पाद्री म्हणाले, आता वधूचं चुंबन घ्या, तर हा म्हणाला, एक मिनिट, आणि आधी तारा ढिल्या करून आला! माझी आई मरेपर्यंत ते सांगून हसायची.

तर दुपारी पेटी उघडली आणि बघते तो काय, तारा ताणलेल्याच! चर्चमध्ये पडला तेव्हा ढिल्या करायला सवड कुठली मिळायला. म्हटलं, बरं झालं बाई लक्ष गेलं, नाहीतर तो जपानी डॉक्टर येऊन एका मिनिटात आमच्या काहालेवाई घराण्याचा सूर उचलून घेऊन गेला असता. गिटार विकेन, सूर नाही विकणार. बसले आणि एकेक खुंटी पिळून सहाच्या सहा तारा पार लुळ्या करून टाकल्या.

क्लिफनं मात्र काय तमाशा केला! "नको! नको! मंगळवार! मंगळवार!" डाव्या हातानं टेबल बडवत होता, खुर्चीवरून पडायचाच बाकी. मी म्हटलं, "अरे मंगळवारी नाही, बुधवारी येणार आहेत ते." तर आणखीच चिडला. शेवटची तार ढिली केली तेव्हा डोळे मिटून बसला. दमला बिचारा. त्याला कोमट दूध दिलं, ते त्यानं सांडलं.

अनोळखी माणूस घरात येणार म्हणून घाबरला असेल.

४ मार्च, बुधवार



हागिवारा बरोबर दहाला आले. बारीकसे, पांढऱ्या केसांचे. बूट दाराबाहेर नीट जोडून ठेवले. मला बिस्किटांचा डबा दिला आणि क्लिफसमोर इतके वाकले की मला वाटलं त्यांचं काही पडलंय. त्यांनी गिटार हातात घेतली नाही, आधी नुसती पाहिली. मग रुमाल पसरून त्याच्यावर ठेवली. खुंट्या, लोहचुंबक, मागचा नंबर, सगळं बोटानं न शिवता बघत होते. बोलायला लागले आणि थांबेनात. "हिच्यात एक खोड असते," म्हणाले. "ॲल्युमिनियम तापलं की फुगतं, म्हणून उन्हात किंवा दिव्यांखाली हिचा सूर सरकतो. लोकांनी कंटाळून टाकून दिल्या. म्हणूनच आम्हाला हव्याशा वाटतात. असा आवाज पुढे कुठल्या लाकडी गिटारीतून निघाला नाही." क्लिफचा डावा हात मांडीवर हळूहळू सरकत होता, कांडी धरल्यासारखा.

मग विचारलं, "तारा का ढिल्या आहेत?"

मी ताठ बसले. "मीच केल्या. परवा. तुम्ही गिटार न्या, सूर मिळणार नाही."

हागिवारांचा चेहरा उतरला. म्हणाले, "आंटी, खोटं बोलत नाही. अशा अकरा गिटारी माझ्याकडे काचेच्या कपाटात आहेत. मी हिच्यासाठी आलोच नव्हतो. चोवीस वर्षांपूर्वी जहाजाच्या रेडिओवर अंकलना ऐकलं होतं, एकदाच. तो सूर मी कितीदा जुळवून पाहिला, जमला नाही. वाटलं होतं, तारा जिथे थांबल्यात तिथून कळेल. ती चोरीच झाली असती. तुम्ही केलंत ते योग्यच केलंत." पुन्हा वाकले. मग विचारलं, "आता तो सूर कोणाकडे आहे?"

मी बोटांवर मोजायला लागले.

कुणाकडेच नाही. सासरे गेले. आम्हाला मूलबाळ नाही. क्लिफनं कुणाला शिकवलं नाही, आणि आता सांगायचं म्हटलं तर त्याच्यापाशी मंगळवार आहे. सूर फक्त त्या सहा तारांवर होता. दीड वर्ष पलंगाखाली जपून राहिला होता, आणि मी, मी स्वतः बसून, त्याच्या डोळ्यांदेखत तो पिळून टाकला. तो नको नको म्हणत असताना!

मी क्लिफकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता, आणि रागावलेलाही नव्हता. ते जास्त लागलं.

हागिवारा म्हणाले, "मी गिटार घेणार नाही." आणि मी त्यांच्यासमोर दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले.

५ मार्च, गुरुवार

क्लिफची माफी मागितली. दहा वेळा तरी. शेवटी त्यानं डाव्या हातानं माझा कान धरून हलवला. एक्केचाळीस वर्षांत इतकं कोवळं कुणी मला रागावलं नाही.

खाल्लं : काही नाही. मीही नाही.

७ मार्च, शनिवार

कोराझोनला सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "आंटी, अंकलचे शब्द गेलेत. कान कुठे गेलेत?" आणि क्लिफला विचारलं, "अंकल, सूर ऐकला तर बरोबर की चूक सांगाल?" त्यानं डाव्या हाताचा अंगठा असा वर केला की तिच्या नाकाला लागला असता.

देव या पोरीचं भलं करो. मी इतके दिवस तिला पोरगी म्हणून हिणवत होते.

हागिवारांनी परतीचं विमान पुढे ढकललंय, एकोणीस तारखेपर्यंत. मी फोनवर म्हटलं, मदत चालेल, पण सूर तुम्ही ऐकायचा नाही. ते म्हणाले, अर्थातच.

९ मार्च, सोमवार

मी गिटार मांडीवर घेऊन बसते, सगळ्यांत जाड तारेची खुंटी हळूहळू पिळते आणि छेडते. क्लिफ डोळे मिटून ऐकतो. अंगठा खाली, खाली, खाली. मग एकदम वर! मी पुढे गेले की लगेच खाली. मागे आले की वर. दोन तासांत एक तार. लग्नानंतर इतका वेळ मी न बोलता कधी बसले नव्हते.

काही अडलं तर विचारता यावं म्हणून हागिवारा बाहेर भाड्याच्या मोटारीत बसले होते, काचा वर करून. हिलोच्या उकाड्यात! मी मध्येच बर्फाचा चहा घेऊन गेले तर बिचाऱ्यांनी कानात कापूसही घातला होता. मी म्हटलं, "डॉक्टर, काच तरी खाली करा, मराल!" ऐकूच गेलं नाही त्यांना.

११ मार्च, बुधवार

तीन तारा झाल्या. हागिवारांनी हॉटेलातून तारांचा नवा जोड पाठवायचा का विचारलं. क्लिफचं उत्तर, नको. जुन्याच. मग त्यांनी मला बजावलं, जुन्या तारा फार ताणू नका, बारीक तार तुटते. तुटली की डोळ्यात जाते. मला धास्ती बसलीय.

१३ मार्च, शुक्रवार

पाच झाल्या! पाच तारा एकत्र छेडल्या तर माझ्या अंगावर काटा आला. तोच आवाज होता, ओळखीचा, पण कुठेतरी दात पडल्यासारखा. आता फक्त सगळ्यांत बारीक तार राहिली.

क्लिफनं आज भात स्वतः खाल्ला, डाव्या हातानं. हे आधी लिहायला हवं होतं.

१५ मार्च, रविवार

बारीक तार काही सापडत नाही. मी पिळत जाते, भीती वाटली की थांबते. अंगठा खालीच. आणि आता हा नवीन काहीतरी करतो. माझ्याकडे बोट दाखवतो, मग छताकडे. मी, छत. मी, छत.

म्हटलं, "छत गळतंय, ठाऊक आहे, सांगितलंय कॅल्विनला." मान हलवून नाही म्हणाला. मी, वर. मी, वर.

"मी आधी वर जाऊ? देवाकडे? तुला इथे कोण भरवणार?" तर कपाळावर हात मारून घेतला. मग मी म्हटलं, "हो रे बाबा, मीच केलं, सगळं माझ्यामुळेच झालं, किती वेळा दाखवशील?" आणि माझा आवाज चिरकला. त्यानं हात खाली घेतला.

चर्चमध्ये पाद्रींनी कृतज्ञतेवर प्रवचन दिलं. मी ऐकलं आणि लाजले. नवरा जिवंत, पाच तारा परत, आणि ही बया सहावीसाठी मुसमुसते.

१६ मार्च, सोमवार

कोराझोनलाही बोट कळलं नाही. ती म्हणाली, कदाचित तुम्ही थोडं गावं असं त्यांना वाटत असेल. मी प्रार्थनेचं गाणं म्हटलं. क्लिफनं अंगठा खाली केला. गाणं इतकं वाईट नव्हतं.

१८ मार्च, बुधवार

आज सगळं सांगते, एका दमात.

हागिवारा उद्या जाणार म्हणून जेवायला बोलावलं होतं. अळूच्या पानांत मांस बांधून लाउलाउ वाफवायला लावलं, खारवलेला सामन मासा पाण्यातून काढून टोमॅटोत घातला, पोई मळली. क्लिफ सारखा दाराकडे बघत होता, तर हागिवारांनी त्याची चाकांची खुर्ची ढकलत गाडीच्या शेडमध्ये नेली. गिटारही तिथल्या जुन्या स्पीकरला जोडून मांडीवर दिली. दीड वर्षात पहिल्यांदाच तो तिथे गेला. आधी त्याची सगळी संध्याकाळ तिथेच जायची, आता माझ्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीत जाते. हाताच्या अंतरावर. त्याला कधी मोठ्यानं बोलवावं लागत नाही.

जेवण तयार झालं. मी खिडकीशी गेले आणि सवयीनं हाक मारली, "क्ली...फ!"

कुणी आलं नाही. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा जरा चिडूनच मारली. पातेलं गार व्हायला लागलं की मी चिडते. शेवटी हात पुसत शेडमध्ये गेले.

क्लिफ रडत होता आणि हसत होता, दोन्ही एकदम, आणि त्याचा अंगठा वर होता. हागिवारा कानातला कापूस काढून उभे होते. "आंटी," म्हणाले, "पुन्हा हाक मारा."

"कशाला? हा इथेच तर बसलाय."

"मारा. मी विनंती करतो."

"क्ली...फ!" म्हटलं, वेड्यासारखी, नवऱ्यापासून दोन हातांवर उभी राहून.

क्लिफनं माझ्याकडे बोट दाखवलं. मग वर. मग बारीक तारेवर बोट ठेवलं.

हे देवा.

मी त्याच्या गुडघ्यापाशी जमिनीवर बसले आणि खुंटी पिळली. हाक मारायची, तार छेडायची, पिळायची. भीती वाटली तिथे त्यानं बोटानं दाखवलं, वर. आणखी वर. हाकेतला 'फ'च्या आधीचा लांबलेला सूर, अगदी तोच लागला, आणि त्यानं माझा हात घट्ट धरला. मग मी अंगठ्यानं सहाही तारा एकदम छेडल्या. त्यानं डाव्या हातात कांडी घेतली आणि तारांवर सरकवली. उजवा हात माझा, डावा त्याचा. शेड भरून गेली. पलीकडून कॅल्विन ओरडला, "अंकल क्लिफ! उठलास का रे?" आणि रस्त्यापलीकडची सगळी कुत्री भुंकायला लागली.

हागिवारांनी पाठ फिरवून डोळे पुसले. मी म्हटलं, "डॉक्टर, ऐकलंत ना सगळं? आता काय करणार?" ते म्हणाले, "पाच तारा मी कुणाला सांगणार नाही. सहावी माझ्या उपयोगाची नाही. माझ्या घरात तशी हाक मारणारं कुणी नाही." मी त्यांच्या ताटात दोन लाउलाउ जास्त घातले. आणखी काय करणार?

आता आठवतंय. लग्नानंतर वर्षभरात सासरे याच्यावर भडकले होते. "पाच तारा माझ्या आहेत, सहावीचं काय करून ठेवलंस?" हा नुसता हसला होता. मरेपर्यंत त्यांनी ते मनातून काढलं नाही, आणि मला वाटायचं, बापलेकांचं काहीतरी. आणि एक्केचाळीस वर्षं मी याच्या नावानं बोटं मोडत आले, की या माणसाला एका हाकेत कधी ऐकू येत नाही, तीनदा बोलावल्याशिवाय जेवायला उठत नाही. आज विचारलं, "पहिल्या हाकेला ऐकू यायचं तुला?" त्यानं मान डोलवली. "मग यायचास का नाही?" त्यानं खुंटी पिळल्यासारखी बोटं फिरवली.

लावून घेत होता! पहिल्या हाकेला तार ओढायची, दुसरीला जुळवून बघायची, तिसरीला पक्की करायची. मग जेवायला.

आणि मी? ज्या गुपितासाठी लग्नात माझं चुंबन थांबलं, परका माणूस दहा दिवस उकाड्यात काचा लावून बसला, ते गुपित मी एक्केचाळीस वर्षं रोज संध्याकाळी खिडकीत उभी राहून आमच्या अख्ख्या केआउकाहा वस्तीला तीन-तीनदा ओरडून सांगत होते.